नियम येतो, तरीही चूक होते

डच भाषेच्या अध्यापनात ‘डीटी-चूक’ ही एक जुनी डोकेदुखी आहे. क्रियापदाच्या शेवटी ‘डी’ लिहावा, ‘टी’ लिहावा की दोन्ही, एवढाच तिचा विषय. परंतु नेदरलँड्स आणि बेल्जियममधील डचभाषक प्रांतात अशी चूक करणाऱ्याच्या शिक्षणाविषयीच शंका घेतली जाते. विद्यार्थी नियम शिकत नाहीत, असे निदानही सर्रास केले जाते. आम्हांस ते मान्य नाही.

नियम मुळात सोपा आहे. वर्तमानकाळी तृतीयपुरुषी एकवचनात धातूला ‘टी’ लागतो. ‘वोर्डन’ म्हणजे होणे. त्याचा धातू ‘डी’ने संपतो, म्हणून ‘तो होतो’ लिहिताना ‘डीटी’ हवा आणि ‘मी होतो’ लिहिताना केवळ ‘डी’. अडचण अशी की डच उच्चारात शब्दान्तीचा ‘ड’ अघोष होतो आणि दोन्ही रूपे ‘वोर्त’ अशीच ऐकू येतात. ‘घडणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे वर्तमानकाळी रूप ‘टी’ने आणि भूतकालवाचक धातुसाधित ‘डी’ने संपते; तेथेही कानाला फरक कळत नाही. लेखन व्याकरण दाखवते, ध्वनी नव्हे.

कान मुका झाला की स्मृती पुढे सरसावते. अँटवर्पचे डोमिनिक सांद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेच दिसले. समोच्चारित रूपांपैकी जे अधिक वापरातले, तेच चुकून लिहिले जाते. कर्ता क्रियापदापासून दूर गेला की चुका वाढतात. नियम आठवण्यास क्षणभर उसंत लागते, हात मात्र परिचित रूप आधीच लिहून मोकळा होतो. म्हणूनच जाणकारही चुकतात.

मराठीच्या अध्यापकांना हे परके वाटू नये. ‘आणि’तील ऱ्हस्व आणि ‘पाणी’तील दीर्घ इकार बोलताना कोणाला वेगळा ऐकू येतो?

तेव्हा नियम दहादा घोकून घेण्यापेक्षा लिहून झाल्यावर प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधण्याची सवय लावणे अधिक फलदायी ठरेल, असे आम्हांस वाटते. परीक्षेतही त्या फेरवाचनासाठी वेळ राखून ठेवावा. चूक दुरुस्त अवश्य करावी. तिच्यावरून विद्यार्थ्याची बुद्धी मात्र मोजू नये.