'बमलो' आणि आमचा बोंबील

इंग्रजी शब्दकोशाच्या पोटांत असे कित्येक शब्द निजलेले आहेत, कीं खुद्द इंग्रज मनुष्यही आतां त्यांस क्वचितच ओळखील. आमच्या विद्यार्थ्यांस अशा शब्दांची हौस मोठी. निबंधांत एखादा अवघड शब्द बसविला म्हणजे गुण वाढतात, अशी त्यांची समजूत दिसते. आमचें मत निराळें आहे. दुर्मिळ शब्द आढळला तर तो मिरवूं नये, त्याचें कूळ विचारावें. आणि तें विचारीत गेलें असतां कधीं कधीं आपल्याच दारीं येऊन उभें राहावें लागतें.

'बमलो' हा शब्द घ्या. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील एक लहान मासा, असा त्याचा अर्थ देऊन कोशकारांनीं मूळ म्हणून मराठी 'बोंबील' या शब्दाकडे बोट दाखविलें आहे. कार्तिकी एकादशीस साजगांवीं विठोबाची यात्रा भरते, तेव्हां सुक्या मासळीच्या बाजारांत ज्याचे ढीग पडतात, तोच हा!

याच माशास इंग्रज 'बॉम्बे डक', म्हणजे मुंबईचें बदक म्हणतात. मुंबईच्या डाकगाडींतून सुके बोंबील जात, त्यांच्या वासानें डबे भरून जात, म्हणून 'बॉम्बे डाक', आणि 'डाक'चें पुढें 'डक' झालें, अशी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. आम्हीही ती वर्गांत अनेक वर्षें मोठ्या रसानें सांगत आलों. मुलें हंसत, शब्द ध्यानांत राही. परंतु गोष्ट खोटी आहे. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी १८५३ सालीं गेली. माशाचें हें नांव तर १८२९ सालीं छापलेल्या एका इंग्रजी पुस्तकांत आलेलें आहे. गाडीच नव्हती, तर वास लागला कशास? आमच्या तोंडून ती गोष्ट ऐकून ज्यांनीं वहींत उतरून घेतली, त्यांपैकीं कांहीं आज स्वतः शिक्षक आहेत, आणि तीच गोष्ट पुढें सांगत असतील. प्रत्येकाच्या वर्गांत जाऊन ती परत घेणें आम्हांस शक्य नाहीं. म्हणून येथें लिहून ठेवितों.

याचा अर्थ प्रत्येक चमत्कारिक व्युत्पत्ति खोटीच, असा मात्र नव्हे. वेड लागलेल्यास इंग्रजींत 'डूलाली' म्हणतात, तें नाशिकजवळच्या देवळालीवरून. तेथील छावणींत मायदेशीं जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे शिपाई महिनेच्या महिने पडून राहत, आणि कांहींचें डोकें फिरे. पूर्वीं 'डूलाली टॅप' असा पूर्ण प्रयोग होता. त्यांतील 'टॅप' म्हणजे आपला ताप. 'मंगूस' हाही मराठी मुंगुसापासूनच निघालेला. 'गूस'चें अनेकवचन 'गीस' होतें म्हणून 'मंगीस' लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत धरावें. आमच्या मुंगुसाचें त्या हंसाशीं कांहींएक नातें नाहीं.

राहतां राहिला साजगांवचा देव. त्यास लोक 'बोंबल्या विठोबा' म्हणतात, आणि तें नांव बोंबलांवरूनच पडलें असें बहुतेक सांगतात. तथापि बोंब मारणारासही मराठींत 'बोंबल्या'च म्हणतात. यंदा जीं मुलें यात्रेस जातील, त्यांनीं मासळी विकणाऱ्या म्हाताऱ्या बायांस आणि देवळांतील वृद्धांस दोघांसही विचारावें, आणि जें ऐकतील तें कोणापासून व केव्हां ऐकलें, हेंही वहींत लिहून आणावें.