पोलाद एक, नांवें अनेक

दुधाची बरणी घेण्यास अंधेरी, मुलुंड वा घाटकोपर येथें गेलेल्या शेतकऱ्यास कोणी ‘एस्.एस्.’, कोणी ‘अठरा-आठ’, तर कोणी ‘३०४’ म्हणून माल दाखवितो. पहिलें नांव साऱ्या कुळाचें. उरलेलीं दोन बहुधा एकाच जातीचीं, जींत सुमारें १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असतें. स्वस्त २०२ जातींत निकेल कमी, मँगेनीज अधिक. खाऱ्या हवेंत तिला गंज लवकर चढतो. लोहचुंबकाची परीक्षा येथें फसवी. कारण तो सहसा दोहोंसही चिकटत नाहीं. आमचें मत असें कीं, पावतीवर जातीचा आंकडा लिहून घेतल्यावांचून शेतकरी बंधूंनीं पैसे मोजूं नयेत. बियाणें घेतांना आपण वाण विचारतों. मग भांडें घेतांनाच मौन कां?