‘घरी न्या’ म्हटल्यानंतरची शुश्रूषा

पुण्यामुंबईच्या मोठ्या इस्पितळांतून असाध्य ठरलेला रोगी जेव्हा इंदापूर तालुक्यातील आपल्या गावी परत येतो, तेव्हा त्याच्याबरोबर कागदपत्रांची एक जाड पिशवी येते आणि दोन शब्द येतात : ‘घरी न्या’. डॉक्टरांनी ते निर्दयपणाने उच्चारलेले नसतात. आपल्या विद्येची सीमा झाली, एवढेच त्यांस सांगावयाचे असते. परंतु शेळगावासारख्या गावी पडवीत असा रोगी आणून निजविला जातो, तेव्हा त्या शब्दांचा खरा अर्थ घरच्या सुनेस व लेकीस कळतो. कर्करोगाच्या कळा रात्रीबेरात्री उठतात, पाठीस जखमा पडतात, घास गिळवत नाही. पाहावयास आलेले लोक दाराशी उभे राहून हळहळतात व निघून जातात. माणूस गेल्यावर मात्र सारा गाव धावून येतो. दहावा होतो, तेरावा होतो, पंगती उठतात. मेलेल्यासाठी आमच्यापाशी तेरा दिवसांचा विधी बारकाव्यानिशी ठरलेला आहे. मरणाऱ्याच्या शेवटल्या तीन महिन्यांसाठी काहीच ठरलेले नाही. ही उणीव आज आम्हांस वाचकांपुढे मांडावयाची आहे.

ही उणीव ज्यांनी फार पूर्वी ओळखली व तिच्यासाठी माणसे तयार केली, त्यांत ख्रिस्ती सेवकसेविकांचा मान मोठा आहे, हे मोकळ्या मनाने कबूल केले पाहिजे. वाटेवर जखमी पडलेल्या परक्या माणसास उचलून नेणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट त्यांच्या धर्मग्रंथात आहे. ती त्यांनी केवळ ऐकली नाही, तिचा व्यवसाय केला. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेस जे इस्पितळ उघडले, त्याची कीर्ती शस्त्रक्रियेमुळे झाली. परंतु त्या संस्थेने परिचारिका शिकवून तयार केल्या, हे काम आमच्या मते शस्त्रक्रियेहून तिळमात्र कमी नाही. पंडिता रमाबाईंचे केडगावचे मुक्तिसदन तर आमच्याच जिल्ह्यात, शेजारच्या दौंड तालुक्यात आहे. दुष्काळातून वाचविलेल्या मुलींबरोबर अंध, आजारी व निराधार स्त्रियांसही तेथे थारा मिळाला. ज्यांचे कोणी नाही त्यांच्या उशाशी बसणे हे शिकविता येण्याजोगे काम आहे, हा धडा या संस्थांनी महाराष्ट्रास दिला.

आम्हांस हा धडा उशिरा का कळला? दया आमच्यात नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करताच सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च रोजी देह ठेवला. सेवाधर्म येथल्या मातीस परका नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता? अडचण दयेची नव्हती, सोवळ्याची होती. रक्त, पू व मलमूत्र यांस हात लावणारा तो हलका, अशी समजूत घट्ट असल्यामुळे शुश्रूषेस प्रतिष्ठा नव्हती. १९०९ साली निघालेल्या पुण्याच्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांस ससून इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास पाठविले, तेव्हा त्यांस लोकापवाद सोसावा लागला. आज तो अपवाद राहिला नाही. पण त्याचे एक मूळ शिल्लक आहे. अजूनही हे काम घरातील बाईने न शिकता, न कुरकुरता व एकटीने करावयाचे, असे आपण गृहीत धरतो.

आता हे शास्त्र कोठवर आले आहे ते पाहू. लंडन येथे डेम सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स ही संस्था काढली. त्या आधी परिचारिका होत्या, पुढे डॉक्टर झाल्या, आणि श्रद्धेने ख्रिस्ती होत्या. मरणाऱ्याचे दुःख केवळ देहाचे नसते; त्यात मनाची भीती असते, मागे राहणाऱ्यांची काळजी असते, आणि ‘हे माझ्याच वाट्यास का?’ हा जिवाचा प्रश्न असतो. या चारही अंगांवर एकदम इलाज केला पाहिजे, हे त्यांचे सांगणे. त्याच धर्तीवर डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ साली मुंबईस वांद्रे येथे शांती आवेदना सदन स्थापन केले. या प्रकारची भारतातील ती पहिली संस्था होय. कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतील रोग्यांस तेथे जातधर्म न विचारता मोफत ठेवून घेतात, व ख्रिस्ती भगिनी त्यांची सेवा करतात. वेदनेचे औषध कळ उठण्याची वाट न पाहता घड्याळाच्या काट्यावर द्यावे, कूस वेळेवर बदलावी, तोंड ओले व स्वच्छ ठेवावे, जखम धुवावी, आणि रोगी बोलू लागला म्हणजे आपण गप्प राहून ऐकावे, असे हे शास्त्र आहे. यात चमत्कार काही नाही, शिस्त आहे.

कोणी म्हणेल, मरणशय्येवरील माणसाच्या दुबळेपणाचा लाभ घेऊन त्याचा धर्म बदलण्याचा हा मार्ग नव्हे काय? शंका अगदीच निराधार मानू नये. मिशनरी जेथे गेले तेथे धर्मप्रचारही करीत होते, हे इतिहासास ठाऊक आहे. आमचे मत स्पष्ट आहे. अंथरुणास खिळलेल्या माणसावर कोणीही कोणताही धर्म लादू नये. ज्यास अभंग हवा त्यास अभंग ऐकवावा, ज्यास कुराण हवे त्यास कुराण, ख्रिस्ती मनुष्यास त्याचा पाद्री व तैलाभ्यंग, आणि ज्यास काहीच नको त्याचा हात नुसता धरून बसावे. परंतु शंकेखोराने हेही ध्यानात घ्यावे, की आपल्या माणसापाशी बसावयास आपण मोकळे नसलो, तर जो बसला त्यास दोष देण्याचा अधिकार आपणांस उरत नाही.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट औषधाची. अफू आमच्याच देशात सरकारी परवान्याने पिकते, आणि तिच्यापासून निघणारे मॉर्फिन आमच्याच रोग्यांपर्यंत पोचत नाही! १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे इस्पितळे ते ठेवण्यास भिऊ लागली. २०१४ साली कायदा सुधारून वाट सोपी केली गेली, तरी भीती गेलेली नाही. बारामतीस २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथून तालुक्यातील डॉक्टरांस हे शिक्षण व रोग्यांस हे औषध नियमाने मिळावे, अशी मागणी लोकांनी केली पाहिजे. दुसरी गोष्ट माणसांची. केरळ सरकारने २००८ साली यासंबंधी धोरण ठरविले, आणि तेथे पंचायतींच्या आधाराने परिचारिका घरोघर जातात. शेजारीपाजारी स्वयंसेवक म्हणून त्यांच्याबरोबर असतात. पुण्यास वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे मोफत केंद्र हेच काम करीत आहे. चार गावांस मिळून एक शिकलेली परिचारिका व प्रत्येक गावी पाचसहा स्वयंसेवक, ही काही अशक्य गोष्ट नव्हे. तिसरी गोष्ट पैशाची, आणि येथे आम्ही बारामती-इंदापूरच्या व्यापारी मंडळींकडे वळतो. तेराव्याच्या पंगतीवर होणाऱ्या खर्चाचा काही अंश जरी बाजूस काढला, तरी हवेची गादी, चाकांची खुर्ची व परिचारिकेचा पगार यांची तजवीज होऊ शकेल. मेलेल्याच्या नावाने केलेला दानधर्म जिवंताच्या पाठीखाली मऊ गादी होऊन गेला, तर पितरांस तो पोचणार नाही असे कोणते शास्त्र सांगते?

दरवर्षी तुकोबांची पालखी बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी या वाटेने इंदापुरास जाते, तेव्हा या भागातील माणसे अनोळखी वारकऱ्याचे पाय चेपतात, त्यांस तेल लावतात, पाणी देतात. जात विचारीत नाहीत. तेच हात आपल्या आळीतील, वारीस कधीच न जाऊ शकणाऱ्या, अंथरुणावरून न उठणाऱ्या माणसापर्यंत पोचावेत, एवढेच आमचे मागणे आहे. त्याची वाट थोडी उरली आहे. तेवढी ती त्याने एकट्याने चालू नये.