पीयूसी दरवर्षी, आणि ब्रेक पंधरा वर्षांनी?

जुन्या पोलोला ऑक्टाव्हिया व्हीआरएसचे ब्रेक बसवावेत का, असं हल्ली मला अधूनमधून कुणीतरी विचारतं. विचारणारा बहुधा पंचविशीतला, स्वतःच्या पगारातून सेकंडहँड गाडी घेतलेला असतो. त्याला "पैसा जास्त झालाय" म्हणून उडवून लावणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. सायलेन्सर बदलून रात्री गल्ली जागी करणाऱ्यापेक्षा गाडी नीट थांबावी म्हणून खर्च करणारा पोरगा मला शहाणा वाटतो.

पण आधी गैरसमज काढू. मोठी डिस्क लावली की गाडी लगेच कमी अंतरात थांबते, असं नाही. एकदाच कचकन ब्रेक दाबला तर गाडी कुठे थांबणार हे शेवटी टायरची पकड ठरवते. चाक लॉक करण्याइतका जोर मूळ ब्रेकमध्येही असतो. म्हणून तर एबीएस लागतं. मोठ्या डिस्कचा खरा फायदा उष्णतेत आहे. ताशी १०० ने जाणाऱ्या गाडीत ५० च्या चौपट ऊर्जा असते आणि थांबताना त्यातली बहुतेक ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबत राहिलं की छोटी डिस्क तापते आणि पॅडची पकड सुटायला लागते. मोठी डिस्क उशिरा तापते, इतकंच.

याची किंमतही मोजावी लागते. मोठी डिस्क लहान रिममध्ये मावत नाही, म्हणजे रिम आणि टायर बदला. कॅलिपरचे पिस्टन मोठे आणि मास्टर सिलिंडर तोच, मग पेडल खोल जातं. पुढे स्पोर्ट्स गाडीचे ब्रेक आणि मागे तेच ड्रम, की पुढच्या-मागच्या जोराचं गणित बिघडतं. कंपनीने एबीएस जुळवलेलं असतं ते मूळ ब्रेक धरून. आणि भंगार बाजारातून आणलेला कॅलिपर कुठल्या ठोकलेल्या गाडीचा, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी चांगले टायर, चांगले पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ मानकात ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश लागतो, ओलावा शोषलेल्याचा १५५ चालतो. दर दोन वर्षांनी ते बदलणारे तुमच्या ओळखीत किती आहेत, मोजून बघा.

आता मुद्द्याचं बोलतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करायचा नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवलं. ठीक आहे, मोकाट बदल नकोतच. पण खासगी गाडीची नोंदणी एकदा झाली की पुढची १५ वर्षं तिचे ब्रेक सरकारी यंत्रावर कुणी तपासत नाही! धुराची पीयूसी दरवर्षी लागते आणि ब्रेकची पाळी थेट पंधरा वर्षांनी. मूळ ब्रेक झिजून लोखंडावर लोखंड घासणारी गाडीही तोवर तपासणीविना रस्त्यावर धावू शकते.

जर्मनीत नवी गाडी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासणीला न्यावी लागते. ब्रेक बदलायचे असतील तर तज्ज्ञ ते तपासतो आणि गरजेप्रमाणे कागदपत्रांत नोंद होते. ब्रिटनमध्येही ठरावीक वयानंतर दरवर्षी तपासणी असते, त्यात ब्रेकचा जोर मोजतात. आपल्याला हे जमणार नाही, असं नाही. सीएनजी किट मंजूर होऊन आरसीवर चढतंच की! गाड्या आणि सुटे भाग तपासणारी एआरएआय तर आपल्या पुण्यातच आहे.

माझ्या मागण्या दोनच. पहिली, खासगी गाड्यांचे ब्रेक पाचव्या वर्षापासून दर दोन वर्षांनी रोलर यंत्रावर तपासा. दुसरी, ज्याला ब्रेक बदलायचे आहेत त्याला फी घेऊन तपासणी आणि नोंदीचा सरळ रस्ता द्या. पास झाला तर आरसीवर नोंद, नापास झाला तर मूळ ब्रेक परत.

"म्हणजे एजंटांना आणखी एक कुरण," असं कुणीतरी म्हणणार. भीती खरी आहे. म्हणूनच आकडा यंत्राने छापावा आणि तो गाडीच्या नंबरावर कुणालाही बघता यावा. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याचे तेवढ्यानेच किती उपकार होतील!

ब्रेक हा गाडीमालकाचा खासगी मामला नाही. तुमच्या गाडीचा ब्रेक लागला नाही तर किंमत रस्ता ओलांडणारी आजी मोजते, पुढच्या स्कूटरवरचं जोडपं मोजतं. पटत असेल तर आपल्या आमदाराला एवढंच विचारा: धूर मोजता, मग ब्रेक का नाही?