रोपाआधी ऊन

मृग तोंडावर आला की रोपवाटिकांत झुंबड उडते. हौसेने आणलेला गुलाब मात्र सावलीच्या गॅलरीत महिनाभरात मान टाकतो आणि ‘माझ्या हाताला गुण नाही’ म्हणून माणूस बागेचा नाद सोडतो. आम्हाला हे फार लागतं. म्हणून हा अंक खास नवख्यांसाठी, आणि त्याची सुरुवात जागेपासून. कठड्यावर ऊन किती तास टिकतं ते आधी पाहा. सहा तास मिळालं तर मिरची, टोमॅटो खुशाल लावा. सावलीच असेल तर मनीप्लांट, स्नेक प्लांट. मातीत दोन पेरं बोट खुपसा, ओल लागली तर पाणी नको. कुंडीतली कितीतरी रोपं अतिपाण्यानेच जातात! कुंड्यांची उंची, रंग, मांडणी हे सगळं त्यानंतर, अंकातही त्याच क्रमाने. तुमची गॅलरी कोणत्या दिशेला आहे, काय अडतंय, ते जरूर कळवा.