खेळाडू म्हणजे क्लबचे वतन नव्हे!

'आम्ही घडवला, आणि तो सोडून गेला!' नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या मैदानावर संध्याकाळी जाऊन उभे राहा, ही तक्रार कानावर पडल्याशिवाय राहणार नाही. लष्कराची छावणी असल्यामुळे नगर शहराला फुटबॉल नवा नाही, आणि कबड्डी तर गावोगाव आहे. खेळ कोणताही असो, गोष्ट एकच. वस्तीतले पोर चमकते, पुण्याहून किंवा मुंबईहून बोलावणे येते, पोर जाते, आणि मागे राहिलेले मंडळ त्याला गद्दार ठरवून मोकळे होते. जगातले मोठमोठे फुटबॉल क्लबही स्टार खेळाडू टिकत नाहीत म्हणून हेच रडगाणे गातात. या तक्रारीकडे आंबेडकरवादी तरुणांनी कसे पाहावे? प्रश्न वरवर खेळाचा वाटतो. मुळात तो श्रमाचा, स्वातंत्र्याचा आणि मालकीचा आहे.

आधी आमची स्वतःची चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही अशाच एका बैठकीला बसलो होतो. आपल्याच वस्तीतला सतरा वर्षांचा, डाव्या पायाने खेळणारा स्ट्रायकर. आईबाप दर हंगामाला कोयता घेऊन कारखान्यावर जाणारे, पोर आजीजवळ राहून शिकत होते. पुण्यातल्या एका क्लबने त्याला बोलावले आणि इथल्या क्लबने ना-हरकत दाखला अडवून धरला. 'तीन वर्षे बूट आम्ही दिले, नाश्ता आम्ही दिला, स्पर्धांचा प्रवासखर्च आम्ही केला. आता ऐन हंगामात हा गेला तर टीम बसेल,' असे त्यांचे म्हणणे. आम्हाला समेट घडवायला बोलावले होते. सांगायला लाज वाटते, पण आम्ही क्लबच्याच बाजूने बोललो. 'एक वर्ष थांब, समाजाचेही आपण काही देणे लागतो,' असे त्याला ऐकवले. पोराने मान खाली घातली आणि एवढेच विचारले, 'दादा, बूट परत दिले तर चालेल का?'

दाखला मिळाला तेव्हा पुण्यातली जागा भरली होती. आज तो एमआयडीसीत ठेकेदाराकडे हेल्पर आहे. पुढे दोन वर्षांत तो क्लबही बंद पडला. म्हणजे पोराला अडवून क्लब वाचला नाहीच, एक खेळाडू मात्र वाया गेला. त्यात आमचाही वाटा आहे.

त्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ तेव्हाही असायला हवे होते, कारण ते याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला डिसेंबर 1939 मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद भरली होती आणि बाबासाहेब तिथे बोलले होते. वतन म्हणजे काय होते? तुटपुंजा जमिनीचा तुकडा आणि बलुते, आणि त्या बदल्यात सगळ्या घराने रात्रंदिवस सरकारच्या आणि गावकीच्या कामाला हजर राहायचे. 1874 च्या वतन कायद्याने ही बांधिलकी पक्की केली होती. ती तोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात दुरुस्ती विधेयक आणले. गावगाड्याचा युक्तिवाद काय होता? यांना जमीन दिली, बलुते देतो, मग हे काम सोडून जातातच कसे? 'तीन वर्षे बूट दिले' हा युक्तिवाद त्याच खाणीतला आहे. आधी थोडेसे द्यायचे आणि मग त्या थोड्याच्या बदल्यात अख्खा माणूस ठेवून घ्यायचा.

दहा वर्षांनी, 1938 मध्ये, औद्योगिक कलह विधेयक आले तेव्हाही बाबासाहेबांची भूमिका हीच होती. कामगाराला त्याच्या इच्छेविरुद्ध कामावर राहायला कायद्याने भाग पाडणे म्हणजे त्याला गुलाम करणे, असे त्यांनी मांडले आणि 7 नोव्हेंबरला मुंबईत संप घडवून आणला. काम सोडण्याचा हक्क ही आपल्या चळवळीने लढून घेतलेली गोष्ट आहे. आणि आपल्या त्या स्ट्रायकरचे घर पाहा. आईबाप मुकादमाच्या उचलीने बांधलेले. उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. मुलगा बुटांनी बांधलेला. एकाच घरात दोन पिढ्या, आणि बांधणारी रीत एकच!

'पण गावाचे नाव, गावाची अस्मिता?' असे कोणी विचारील. ज्या हरेगावात 1939 ची परिषद झाली, त्याच हरेगावात ऑगस्ट 2023 मध्ये शेळी-कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारले गेले. गाव सोडून जाण्याची वाट आपल्या पोरांसाठी किती मोलाची असते, हे आम्ही वेगळे सांगायला नको. ती वाट गावाच्या टीमसाठी बंद करण्याचा अधिकार कुणालाही नाही.

फुटबॉलच्या जगाला हे शहाणपण उशिरा आले. ज्याँ-मार्क बोसमन नावाचा बेल्जियमचा खेळाडू. 1990 मध्ये लिएज क्लबशी त्याचा करार संपला. त्याला फ्रान्समधल्या डंकर्क क्लबकडे जायचे होते. करार संपला तरी लिएजने बदलीचे पैसे मागितले आणि त्याचे जाणे रखडले. तो कोर्टात गेला. 15 डिसेंबर 1995 रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की युरोपीय संघातल्या खेळाडूचा करार संपल्यावर, तो संघातल्या दुसऱ्या देशात जात असेल, तर जुन्या क्लबला पैसे मागता येणार नाहीत. आज मोठे क्लब 'खेळाडू टिकत नाहीत' म्हणतात, त्यामागे हा निकाल आहे. म्हणजे त्यांची तक्रार खेळाडूच्या स्वातंत्र्याबद्दल आहे, हे लक्षात घ्या.

आणि निष्ठेचा हिशेबच करायचा तर तो दोन्ही बाजूंनी करू या. महाराष्ट्रात आधी कोण कोणाला सोडून गेले? महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली. 2010 मध्ये कंपनीने संघ बंद केला. मुंबई एफसी 2017 मध्ये संपला. पुण्याने पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी असे चार क्लब पाहिले आणि 2019 पर्यंत चारही गेले. फुटबॉलवेड्या गोव्यात 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीगमधून एकदमच बाहेर पडले. 2025 मध्ये आयएसएल ठरल्या वेळी सुरूच झाली नाही, तेव्हा बेंगळुरू क्लबने खेळाडूंचे पगार थांबवले. मालक निघून जातो तेव्हा तो 'व्यावसायिक निर्णय' आणि खेळाडू निघून जातो तेव्हा ती 'गद्दारी'! ही भाषा कोणाच्या सोयीची आहे, हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. मनमाडला 1938 मध्ये बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. मैदान त्याला अपवाद नाही.

कबड्डीत तर खेळाडूचा उघड लिलाव होतो. श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार पुणेरी पलटणचा कर्णधार झाला, 2023 मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता, आणि मार्च 2024 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली पलटणने प्रो कबड्डी जिंकली. तो टाकळीभानलाच अडकला असता तर हे झाले असते का? त्याच विजेत्या संघातला इराणचा मोहम्मदरेझा शादलू 2.35 कोटींना घेतलेला होता. पुढच्या लिलावात तो 2.07 कोटींना हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेता झाला, त्यानंतर 2.23 कोटींना गुजरातकडे. तीन हंगाम, तीन संघ. इथे कोण गद्दार? कुठे खेळायचे हे बोली ठरवते.

मग खेळाडू टिकवायचाच नाही का? जरूर टिकवा, पण सन्मानाने. या बाबतीत पळवणकर बंधूंचा इतिहास प्रत्येक मंडळाने वाचावा. चांभार समाजातले बाळू पळवणकर पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करता करता त्यांना तासन्‌तास गोलंदाजी करत. युरोपियनांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदूंनी त्यांना संघात घेतले. मैदानावर त्यांचा चेंडू चालत होता. चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी कर्णधारपदावर त्यांची रीतसर नेमणूक कधी झाली नाही. 1920 मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी या अन्यायाविरुद्ध संघातून माघार घेतली. 1923 मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. बाळूंनी पुढे 1937 मध्ये काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध निवडणूक लढवली, हे आम्हाला ठाऊक आहे. त्याने मैदानावरचा त्यांचा लढा लहान होत नाही. धडा स्पष्ट आहे. खेळाडूचा हात हवा आणि माणूस नको, असा संघ खेळाडू टिकवू शकत नाही, आणि टिकवण्याच्या लायकीचाही नसतो.

आता मंडळाची बाजू. ती खोटी नाही. ज्या मंडळाला चेंडू घ्यायला वर्गणी काढावी लागते, तिथला एक चांगला खेळाडू गेला की स्पर्धेतले बक्षीस जाते, देणगीदार जातो, बारक्या पोरांना शिकवणारा जातो. घडवणाऱ्याच्या श्रमाला मोल आहेच. पण ते मोल जाणाऱ्याच्या पायात बेडी घालून वसूल करायचे नसते. ते नेणाऱ्याच्या खिशातून घ्यायचे असते.

फुटबॉलमध्ये ही सोय आहे. एका देशातल्या क्लबकडून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे खेळाडू पैसे मोजून गेला, तर फिफाच्या नियमाप्रमाणे त्या रकमेचे 5 टक्के त्याला लहानपणी घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. 12 ते 15 या चार वर्षांसाठी दरवर्षी पाव टक्का, 16 ते 23 या आठ वर्षांसाठी दरवर्षी अर्धा टक्का. म्हणजे 1 कोटीच्या बदलीत, पोराला पहिली चार वर्षे सांभाळणाऱ्या क्लबचा वाटा 1 लाख. खेळाडूला एक पैसा द्यावा लागत नाही आणि त्याचे जाणेही अडत नाही. पण यासाठी क्लब संघटनेशी संलग्न हवा आणि पोराची त्या त्या वर्षाची नोंदणी कागदावर हवी. आपल्या किती मंडळांकडे असा कागद आहे? जयंतीच्या स्पर्धेचे बॅनर जपून ठेवतो, पण बारा वर्षांच्या पोराचे नाव कोणत्याच रजिस्टरला नसते. मग घाम आपला आणि हिस्सा भलत्याचा!

म्हणून आमचे सांगणे असे. मंडळे नोंदवा, संलग्न करा, प्रत्येक पोराची वर्षवार नोंद ठेवा. जिल्हा संघटनांच्या निवडणुकांत, पंच आणि प्रशिक्षकांच्या परीक्षांत आपली माणसे उतरवा. निर्णय तिथे होतात. देशातल्या देशात होणाऱ्या बदल्यांमध्ये, कबड्डीच्या लिलावातही, घडवणाऱ्या मंडळाचा हिस्सा ठरवून मागा. आणि पोराचा दाखला कधीही अडवू नका.

शेवटी 'पे बॅक टू सोसायटी'बद्दल, कारण आम्ही त्या पोराला तेच ऐकवले होते. आग्र्याला 1956 मध्ये शिकलेल्यांनी मला दगा दिला अशी खंत बाबासाहेबांनी व्यक्त केली, ती पुढे गेलेल्यांनी मागे वळून पाहिले नाही म्हणून. ते पुढे गेले म्हणून नव्हे! ज्याला पुढे जाऊच दिले नाही, त्याच्याकडे परतफेड कसली मागायची? समाजाचे ऋण मोकळा माणूस फेडतो. बांधलेला माणूस फक्त वेठ करतो.

ते बूट परत द्यायची गरज नव्हती, मित्रा. हे आम्ही त्या दिवशी म्हणायला हवे होते. पुढच्या वेळी तुमच्या वस्तीतल्या पोराला बोलावणे आले, तर हे वाक्य तुम्ही म्हणा आणि त्याला एसटीत बसवून द्या.

जय भीम!