हायड्रोजनची मालमोटार कीं खताचें पोतें ?

हायड्रोजन वायूवर चालणाऱ्या मालमोटारींविषयीं हल्लीं वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून येतें, आणि द्राक्षें, डाळिंबें व कांदा बंदरावर पाठविणाऱ्या आपल्या सभासदांपैकीं कांहीं जण, संस्थेनें अशी एखादी गाडी घ्यावी काय, असें विचारूं लागले आहेत. माझें मत असें आहे कीं, संस्थेनें आज या गाडीच्या मागें लागूं नये. आणि सरकारनेंही शुद्ध हायड्रोजन प्रथम रस्त्यावर न नेतां खताच्या कारखान्यांत न्यावा.

यंत्राला दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. फ्युएल सेल, म्हणजे इंधनघट, ही वस्तु विल्यम ग्रोव्ह या शास्त्रज्ञानें १८३९ च्या सुमारास प्रथम करून दाखविली. टांकींतील हायड्रोजन व हवेंतील ऑक्सिजन यांचा घटांत संयोग होऊन वीज उत्पन्न होते, त्या विजेवर गाडी चालते, व धुराऐवजीं पाण्याची वाफ बाहेर पडते. टांकी थोडक्या वेळांत भरते आणि बॅटरीचें जड ओझें वाहावें लागत नाहीं, हे गुण लांब पल्ल्याच्या वाहतुकीस खरोखर सोयीचे आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें एका खासगी कंपनीच्या सहकार्यानें केलेली अशी बस ऑगस्ट २०२२ मध्यें पुण्यांतच दाखविण्यांत आली. मार्च २०२५ मध्यें मध्यवर्ती सरकारनें ३७ बसगाड्या व मालमोटारी आणि ९ इंधन-केंद्रें यांच्या प्रयोगास सुमारें २०८ कोटि रुपये मंजूर केले. त्यांत पुणें-मुंबई हा मार्गही आहे. मात्र या ३७ पैकीं इंधनघटाच्या गाड्या १५ च असून बाकीच्या २२ हायड्रोजन इंजिनांत जाळणाऱ्या आहेत, हें बातमी वाचतांना पुष्कळांच्या ध्यानीं आलें नसेल.

परंतु गाडीच्या नळींतून धूर निघत नाहीं म्हणून तो कोठेंच निघत नाहीं, असें नव्हे. हायड्रोजन करावा लागतो, आणि आपल्या देशांत तो बहुतेक सगळा नैसर्गिक वायूपासून करितात. त्या रीतीनें एक किलो हायड्रोजनमागें सुमारें दहा किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कर्बवायु, हवेंत जातो. आतां नाशिकहून न्हावाशेवा बंदरापर्यंतची फेरी घेऊं. अंतर सुमारें २०० किलोमीटर. भरलेली मालमोटार लिटरास चार किलोमीटर जाते असें धरल्यास ५० लिटर डिझेल जळतें व लिटरामागें २.६८ किलोप्रमाणें १३४ किलो कर्बवायु सुटतो. इंधनघटाच्या गाडीस तितक्याच अंतरास १६ किलो हायड्रोजन लागेल; तो वायूपासून केलेला असला तर कर्बवायु १६० किलो. म्हणजे महागडी गाडी घेऊन धूर वाढविला, एवढेंच काय तें साधेल !

पाण्याचें विजेनें पृथक्करण करून हायड्रोजन काढावा, असें यावर उत्तर देतात. तें शास्त्रतः बरोबर आहे; पण एका किलोस सुमारें ५५ युनिट वीज लागते, म्हणजे एका फेरीस ८८० युनिट. ही वीज आपल्या तारांतून येणारी घेतली, तर तिचा मोठा भाग अद्यापि कोळशाचा असल्यामुळें युनिटामागें सुमारें ०.७ किलो प्रमाणें कर्बवायु सहाशें किलोंच्या वर जातो. केवळ सौर वीज वापरली तरच हिशेब जुळतो. एक मेगावॅटच्या सौर क्षेत्रास चार-पांच एकर जमीन लागते व दिवसास चार ते साडेचार हजार युनिट मिळतात. तेव्हां एक गाडी एकदां बंदरास पोंचविण्यास जवळजवळ एक एकराची दिवसभराची वीज खर्च झाली. तीच वीज बॅटरींत भरली तर सुमारें तीन गाड्या पोंचतील. बॅटरीचे भक्त जें सांगत नाहींत तेंही सांगितलें पाहिजे : कोळशाच्या विजेवर भरलेली जड मालमोटारही डिझेलपेक्षां स्वच्छ ठरत नाहीं. उलटपक्षीं, हायड्रोजन आपलें पाणी पिऊन टाकील ही जी ओरड होते, ती मला पटत नाहीं. किलोस वीस लिटर धरले तरी फेरीस ३२० लिटर होतात. पांच अश्वशक्तीचा पंप तेवढें पाणी एक-दोन मिनिटांत फेंकतो. भीति पाण्याची नसून जमिनीची व विजेची आहे.

किंमतीचें थोडक्यांत सांगतों. अलीकडील एका सरकारी तेलकंपनीच्या निविदेंत शुद्ध हायड्रोजनचा भाव किलोस सुमारें ४०० रुपये निघाला. म्हणजे फेरीस ६,४०० रुपये, तोही दाबून भरण्याचा व वाहून नेण्याचा खर्च सोडून. डिझेल नव्वद रुपये धरलें तर ४,५०० रुपये. स्वित्झर्लंडमध्यें २०२० पासून अशा मालमोटारी चालूं झाल्या, त्याचें एक मोठें कारण तेथें जड वाहनांवर असलेला भारी कर त्यांना माफ होता हें आहे. अमेरिकेंतील निकोला या कंपनीचें दिवाळें फेब्रुवारी २०२५ मध्यें निघालें.

आतां खताकडे वळतों. हायड्रोजन शेतकऱ्यास परका नाहीं. हायड्रोजन व हवेंतील नायट्रोजन यांपासून अमोनिया होतो, आणि अमोनियापासून युरिया व डीएपी. ४५ किलोच्या युरियाच्या एका पोत्यामागें सुमारें साडेचार किलो हायड्रोजन खर्चीं पडतो. म्हणजे वरील एका फेरीच्या हायड्रोजनांत साडेतीन पोतीं युरिया झाला असता. मालमोटारीस बॅटरी आहे, रेल्वे आहे. अमोनियास हायड्रोजनवांचून दुसरी गति नाहीं. या कामीं लागणारा नैसर्गिक वायु व अमोनिया आपण मोठ्या प्रमाणांत परदेशांतून आणितों, आणि २०२२ मध्यें युक्रेनचें युद्ध पेटतांच खताचे भाव जगभर कसे भडकले हें सर्वांस ठाऊक आहे. युरियास कर्बवायुही लागतो, म्हणून शुद्ध हायड्रोजन प्रथम डीएपी व मिश्र खतांच्या अमोनियास द्यावा हें युक्त. ता. ४ जानेवारी २०२३ रोजीं मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन योजनेंत १९,७४४ कोटींची तरतूद आहे. तिच्याखालीं २०२५ मध्यें १३ खत-कारखान्यांसाठीं वर्षास ७.२४ लाख टन हरित अमोनियाचे लिलाव झाले, हें योग्य दिशेचें पाऊल होय. आपल्या संस्थेनें ठराव करून पाठवावयाचा असेल तर तो हें काम वाढविण्याविषयींचा असावा.

वाहतुकीचा धूर तेवढ्यानें कमी होणार नाहीं, हें खरें. पण तो कमी करण्याचे स्वस्त मार्ग आपण अजून चोखाळलेच नाहींत. ता. ७ ऑगस्ट २०२० रोजीं पहिली किसान रेल्वे देवळालीहून दानापुरास निघाली; विजेच्या रेल्वेनें टनामागें इंधन फारच थोडें लागतें. बंदराहून रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांस खत-पेंडीचें भाडें मिळवून देणें, हें तर संस्थेच्या हातचें काम आहे. गांवापासून पॅकहाऊसपर्यंतच्या जवळच्या वाहतुकीस सौर विजेवर भरणाऱ्या लहान गाड्या पुरेशा होतील.

आणि पुणें-मुंबई मार्गावरील हायड्रोजन-गाडीवाल्यांनीं आपला माल मागितला, तर भाडेतत्त्वावर तो अवश्य द्यावा. गाडी मात्र विकत घेऊं नये. देतांना हायड्रोजन कोठला, हें लेखी मागावें. ऑगस्ट २०२३ मध्यें सरकारनें ठरविलेल्या व्याख्येप्रमाणें किलोमागें दोन किलोंपेक्षां अधिक कर्बवायु सुटला तर तो हायड्रोजन हरित म्हणवत नाहीं. तसा दाखला नसेल, तर परदेशच्या खरेदीदारापुढें ‘स्वच्छ वाहतूक’ म्हणून त्या फेरीचा उल्लेख करूं नये.